हळूबाबांचा खिळा

आपल्या भागात कलेच्या सेवेत देह झिजवलेल्या थोर पुरुषांची यादी कधी कोणी केलीच, तर तिच्यात पहिले नाव हळूबाबांचे घालावे लागेल. कलेशी त्यांचा संबंध झाडू आणि फडके एवढाच होता, आणि दालनातल्या चित्रांपैकी एक सोडले तर बाकी सगळी त्यांना सारखीच कंटाळवाणी वाटत. पण झिजले हे खरे.

आमचे सार्वजनिक चित्रदालन चिंचवड गावात, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. एका इनामदारांनी मरताना आपल्या दिवाणखान्यातली चित्रे गावाला देऊन टाकली. वारसांनी हरकत घेतली नाही, यावरून चित्रांची योग्यता कळावी. मग एक समिती झाली, आणि समितीने एक व्यवस्थापक नेमला, तो मी. स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली होती, पिंपरीकडे कारखान्याची धुराडी उभी राहत होती. रविवारी तिथले कामगार येत, छावणीतली निर्वासित कुटुंबे येत, देहूरोडचे जवान येत. दारात सगळ्यांना एकच शब्द ऐकू येई, "हळू." बूट वाजले की "हळू", कोणी बोट उचलले की "हळू", समितीचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले की तेव्हाही, जरा खालच्या आवाजात. बाबांचे खरे नाव हजेरीपटावर होते. ते तिथेच राहिले.

मी रुजू झालो त्या सकाळी बाबा कुलूप काढण्याआधी दारापाशी थांबले आणि तीनदा खाकरले. मी विचारले, "घसा बसलाय का बाबा?"

"न्हाई. आत मानसं हायेत. एकदम दार उघडू नये सायब, कोन कसं बसलं आसंल."

मी हसलो. बाबा हसले नाहीत. महिनाभराने एकदा मी एकटाच आलो, कुलपाला किल्ली लावली आणि आधी खाकरलो. कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून मागेही वळून पाहिले.

जे एक चित्र बाबांना कंटाळवाणे वाटत नसे, ते खिडकीशेजारी होते. पाण्याची कळशी टेकवून बसलेली, सतरा-अठरा वर्षांची बाई. दिवाणखान्यात वर्षानुवर्षे समयांचा धूर खाऊन वरचा रोगणाचा चकचकीत थर काळपट तपकिरी झाला होता, आणि चेहरा धुक्यातून पाहावा तसा दिसे. खाली पाटी होती, "अनामिक स्त्री". मी सगळ्या पाट्या नव्याने लिहायला घेतल्या तेव्हा बाबा जवळ येऊन उभे राहिले.

"सायब, ती अनामिक न्हाई. आमच्या घरची हाय."

चित्रकार इनामदारांच्या घरी उतरला होता. इनामदारीणबाईंना समोर बसवण्याआधी रंग जुळतात का हे त्याला पाहायचे होते, म्हणून पाणी भरणाऱ्या बाईला चार दिवस बसवले. ती बाबांची बायको. बसल्याबद्दल तिला एक लुगडे मिळाले. त्याच वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली, तीत ती गेली. "लुगडं नेसायचं राहिलं," बाबा म्हणाले. फोटो काढायची रीत त्यांच्यात नव्हती. तिचा चेहरा या जगात त्या एका फळकुटाएवढ्या चित्रावर होता, आणि त्यासाठीच बाबांनी झाडलोटीची ही नोकरी धरली होती.

मी लेखणी उचलली. "नाव सांगा, पाटीवर घालतो."

बाबा चक्क लाजले. "बायकूचं नाव चारचौघांत घेत न्हाईत आमच्यात. येकदाच घेतलं व्हतं, लग्नात, उखाण्यात." दालनात तेव्हा आम्ही दोघेच होतो. पण बाबांनी भिंतींकडे असे पाहिले की मला पुढे बोलवेना. पाटी होती तशी राहिली.

त्यानंतर वर्षभराने मुंबईहून पत्र आले. देश नवा आहे, कला जनतेची आहे, तेव्हा दालनांतल्या नोकरवर्गाने आपल्या कामाचे शास्त्रोक्त शिक्षण घेतले पाहिजे, असा मजकूर होता. दालनात खरे काम करणारा माणूस एकच असल्यामुळे शिक्षणाला दुसऱ्याला पाठवणे रीतसर होते. मी गेलो. सहा आठवडे आम्ही उजेड, दमट हवा, पाट्यांची उंची यांवर व्याख्याने ऐकली. शेवटच्या आठवड्यात शिकवणाऱ्या साहेबांनी स्पिरिटचे मिश्रण आणि कापसाचा बोळा घेऊन एका मळकट चित्रावरचे जुने रोगण काढून दाखवले. तपकिरी फळ आमच्या डोळ्यांदेखत पिवळाधमक आंबा झाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "आधी कोपऱ्यात करून पाहा. आणि प्रत्येक रंगावर वेगळे करून पाहा." मी दोन्ही वाक्ये वहीत लिहून घेतली. वही अजून माझ्याजवळ आहे.

प्रमाणपत्र घेऊन परतलो तो बाबा वाटच पाहत होते. मुंबईची हकिकत त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतली. आंब्याचे सांगितले तेव्हा खाली बसले.

"म्हंजी ती बी उजळंल?"

"उजळेल की."

"नाकात मोरनी हाय तिच्या. मला म्हाईत हाय म्हनून दिसती, पर दिसत न्हाई. दिसंल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चित्र उतरवून टेबलावर ठेवले. खालच्या कोपऱ्यात मी बोळा फिरवला. तपकिरी थर निघाला, जमिनीचा रंग लख्ख वर आला. प्रत्येक रंगावर वेगळे करून पाहण्याची मला गरज वाटली नाही. सहा आठवड्यांचा जाणकार होतो मी. कळशी चमकली. मग मी चेहऱ्याकडे वळलो. बाबांनी चौकट दोन्ही हातांनी धरली होती. उभ्या आयुष्यात जो शब्द त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवला, तो त्या दुपारी त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यांनाही घाई झाली होती.

"दिसली," बाबा म्हणाले.

मोरणी दिसली होती. तिच्या खालचे ओठही दिसले, जरासे हसू दाबल्यासारखे. मी बोळा आणखी एकदा फिरवला. चित्रकाराने चेहरा सगळाच रोगणात रंग मिसळून रंगवला होता. रोगण निघाले तसा तोही निघाला. मी बोळा उलटा करून पाहिला तर कापूस गव्हाळ झाला होता.

चेहऱ्याच्या जागी खालच्या अस्तराचा कोरा फिकट डाग उरला होता. मी कचऱ्याची टोपली ओढली, तेव्हा बाबांनी माझे मनगट धरले. "तो बोळा टाकू नगा." त्यांनी तो पंच्याच्या टोकात बांधला.

समितीने ठराव करून चित्र माळ्यावर ठेवले. माझ्यावर ठपकासुद्धा ठेवला नाही, कारण माझ्याजवळ प्रमाणपत्र होते. भिंतीवर खिळा उरला. बाबा रोज दुपारी त्या खिळ्यापुढे उभे राहू लागले, आणि कोणी मधून जाऊ लागले की म्हणत, "हळू." लोक बिचकून बाजूने जात. हळूहळू त्या जागेला वळसा पडला.

बाबांनी नोकरी सोडली त्या दिवशी मी त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेलो. म्हणालो, "बाबा, आता तरी नाव सांगा. मी पाटी लिहितो."

"पाटी आता कुनाखाली लावनार, सायब?" ते म्हणाले. रागाने नव्हे, धंद्यातली अडचण दाखवावी तसे. त्याच पावसाळ्यात ते गेले. पंच्याची गाठ कोणी सोडली की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मी अजून दार उघडण्याआधी खाकरतो, आणि आता मागे वळून पाहत नाही. पुढे रिकामा खिळा बरा दिसत नाही म्हणून समितीने तिथे माझे प्रमाणपत्र चौकट करून लावले. लोक अजूनही त्या जागेला वळसा घालूनच जातात, त्यामुळे ते आजवर कोणी वाचलेले नाही.