पडद्याच्या कोपऱ्यातला ठिपका

मंडळी, आज बाबांना पुसदहून यवतमाळला सिनेमाला नेलं. आत्ता परतलेय, आणि चहा ठेवायचंही त्राण नाही.

बाबा आमच्या इथल्या जुन्या टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. टॉकीज पाडून आता तिथे मंगल कार्यालय झालंय. म्हटलं, एकदा तरी खुर्चीत बसून आरामात सिनेमा पाहू द्यावा त्यांना.

तर हे सारखे पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडेच बघत बसलेले. इंटरव्हलला मी चिडलेच. "बाबा, काय पाहून राह्यले तुमी तिकडे?"

"रीळ संपत आली का ठिपका येते न तिथं. तो दिसला का दुसरी मशीन चालू करा लागते."

"आता रीळच नसते, बाबा."

"मले माहीत हाये. पण नजर जाते."

इंटरव्हलनंतरही ते कोपऱ्याकडेच बघत होते.

परतताना एसटीत विचारलं, "आवडला का सिनेमा?"

"चांगला असन," ते म्हणाले. "लोकं हसून राह्यले होते."

तीस वर्षं गावाला सिनेमा दाखवलेल्या माणसाला तो बघायचा कसा, हे मी आता कसं शिकवू? सांगा कोणी.