जमनाची खोळ

मला गुजराती उत्तम येतं.

बडोद्याच्या निजामपुऱ्यात वाढलेल्या माणसाला ते यायलाच हवं, पण मी ते जरा जास्तच मिरवत असे. लग्न होऊन पुण्याहून बडोद्याला आलेल्या माधवीसमोर तर फारच. भाजीवाला काय म्हणाला, कंडक्टर काय म्हणाला, शेजारच्या कोकिळाबेन काय म्हणाल्या (आणि त्यांना खरं काय म्हणायचं होतं), हे सगळं मी तिला न विचारता समजावून सांगायचो. मग जमनाचं प्रकरण घडलं आणि ही शिकवणी बंद पडली. ती गोष्ट इतकी वर्षं माधवीच सांगत आली आहे. तिने सुरुवात केली की मी पाणी प्यायला आत जातो. आज मीच सांगून टाकतो, म्हणजे म्हैस निदान बेताच्या आकाराची राहील. (माधवीच्या गोष्टीत ती दर वर्षी वाढते.)

जमना ही दिनेशची म्हैस. दिनेश माझा ऑफिसातला मित्र. वाघोडियाच्या रस्त्याला त्याचं शेत, घर आणि गोठा. उत्तरायण (इकडची संक्रांत) नुकतीच आटोपली होती, म्हणजे लग्नाची बोलणी करायला मोकळीक झाली होती, आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, हेतलला, बघायला रविवारी पाहुणे यायचे होते. नेमका गोठ्यातला गडी गावी गेलेला. दिनेश म्हणाला, "शनिवारी या ना दोघं. जनावरांचं थोडं बघायचं, बाकी उंधियू खायचं."

शनिवारी आम्ही शेण काढलं, वैरण टाकली, वासरांना उन्हात बांधलं. म्हणजे माधवीने काढलं, माधवीने टाकली, आणि वासरांनी मला उन्हापर्यंत ओढत नेलं. संध्याकाळी शेकोटीपाशी हेतल माधवीजवळ हळूच हिंदीत बोलली. एका लग्नात बघितलेला मुलगा तिला मनापासून आवडला होता. भीती होती ती त्याच्या वडिलांची.

"लोक आधी घर बघतात, भाभी. ते आधी गोठा बघतात. म्हणतात, म्हैस दुःखी असेल त्या घरातून सून आणायची नाही."

"जमना सुखी आहे ना?" माधवीने विचारलं.

"आज आहे," हेतल माझ्याकडे बघत म्हणाली.

रविवारी सकाळी अशी थंडी होती की बोलताना तोंडातून वाफ येत होती. दिनेश जीप घेऊन पाहुण्यांना आणायला गेला. त्याची आई, म्हणजे बा, हेतलला घेऊन गावातल्या मंदिरात निघाल्या. बा बेताच्या उंचीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नुसतं बघितलं तरी बैल बाजूला सरायचे. फाटकातून त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "भाई, भेंसने खोळ पलाळीने नाखी देजो. भूलता नहीं."

"चिंता न करो, बा," मी अस्खलित गुजरातीत उत्तर दिलं.

"काय म्हणाल्या?" माधवीने विचारलं.

"म्हशीवर खोळ घालायला सांगितलीय. थंडी आहे ना."

"आणि ते पलाळीने?"

इथे मीही क्षणभर अडखळलो. पलाळवुं म्हणजे भिजवणं, यात शंका नव्हती. मी गोठ्याच्या कोपऱ्यातल्या एका पोत्यावर बसून विचार केला. (हे पोतं लक्षात ठेवा.)

"भिजवून घालायची," मी म्हणालो.

"ओली? या थंडीत?"

"म्हैस पाण्यातलंच जनावर असतं, माधवी. तिला कोरडं कापड टोचत असेल."

"अहो, पण विचारायचं तरी नीट."

"तुला गुजराती येतं का?"

"नाही."

"मग?"

आता खोळ शोधायची होती. गोठ्यात नव्हती. आतल्या खोलीत एका पेटीवर मात्र होती: रजईची, नवीकोरी, लाल, आरसे लावून भरलेली. माधवी म्हणाली, ही नक्की माणसांची आहे. मी हसलो. इकडे बैलांच्या अंगावरसुद्धा आरशांच्या झुली घालतात, हे मी प्रदर्शनात स्वतः बघितलं होतं. शिवाय गोठा बघणारे पाहुणे येणार, तर म्हशीने चांगलं नेसू नये का? मी खोळ हौदात बुडवली, वर काढली आणि जमनाच्या पाठीवर टाकली.

जमनाचं मला आजही कौतुक वाटतं. दुसरी कोणी असती तर मला लाथ मारली असती. तिने फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं, अंगावर एक मोठा शहारा आणला आणि दाव्यासकट खुंटा उपटला. खोळ घसरून पुढे आली. खोळ म्हणजे एका बाजूने उघडी पिशवीच. त्या उघड्या तोंडात जमनाचं डोकं शिंगांसकट गेलं. मी "जमना, जमना" म्हणत मागे धावलो. तिला दिसत काहीच नव्हतं, तरी ती बरोबर फाटकाकडे निघाली.

फाटकात दिनेशची जीप येऊन थांबली. त्याच वेळी मंदिराकडून बा आणि हेतल आल्या. जीपमधून मुलगा उतरला, त्याचे वडील उतरले, आणि त्यांच्यासमोर जमना येऊन उभी राहिली: डोक्यावरून लाल पदर, पदराला आरसे, आरशांतून पाणी टपकतंय.

"अल्या, आ शुं कर्युं?" दिनेश जीपमधून उडी मारत म्हणाला.

"बांनी सांगितलं. खोळ भिजवून घाल म्हणून."

दिनेशने गोठ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "पेलुं पोतुं. ए खोळ छे."

पोत्याच्या तोंडातून पेंडीच्या वड्या डोकावत होत्या. गुजरातीत खोळ म्हणजे पेंड. ढेप. भिजवून म्हशीपुढे टाकायची, म्हणजे ती शांतपणे दूध देते. मी पेंडीवर बसून पेंडीचाच अर्थ लावला होता.

"आणि ही माझ्या लग्नाच्या रजईची आहे," हेतल म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. मुलाच्या वडिलांचा चेहरा तर असा झाला होता, की दुःखी म्हैस म्हणजे काय ते त्यांना समोरच दिसत होतं. मला वाटलं, जमनाच्या शेजारी दुसरी खोळ घेऊन उभं राहावं.

बा पुढे आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, दिनेशकडेही नाही. जमनाच्या मानेवर हात ठेवून पाहुण्यांना शांतपणे म्हणाल्या, "वेवाई आव्या ने, एटले लाज काढी छे."

व्याही आले, म्हणून तिने डोक्यावरून पदर घेतलाय.

 मग वडिलांच्या मिशा हलल्या. त्यांचे खांदे हलले. मग ते असे हसले की जीपला टेकावं लागलं. अजून काहीच ठरलं नव्हतं, तरी बांनी त्यांना व्याही म्हणून टाकलं होतं, आणि ते हसून बसले होते! बांनी प्रसादातला गूळ त्यांच्या हातावर ठेवला. "मों जुओ तो आपजो." म्हणजे, तोंड बघाल तेव्हा हा द्या. वडिलांनी खोळ अलगद वर उचलली, सुनेचं तोंड बघावं तसं जमनाचं तोंड बघितलं आणि तिला गूळ भरवला. जमनाने त्यांचा हात कोपरापर्यंत चाटला. ही म्हैस दुःखी आहे, असं म्हणायला आता जागा राहिली नाही.

खोळ पिळायला हेतलने एक टोक धरलं, मुलाने धावत येऊन दुसरं. तोही तिच्याच दिशेला पीळ घालू लागला.

"ऊंधुं, ऊंधुं," ती म्हणाली. उलटं.

"तमे कहो एम," तो म्हणाला.

माधवी माझ्या कानाशी लागली. "याचा अर्थ नका सांगू. मला कळला."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. खोळ रजईवर चढून सासरी गेली. एका कोपऱ्यातला आरसा तेवढा जमनाने खाल्ला, असा माधवीचा आरोप आहे. (तो हौदात सापडला.) बांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लग्नाच्या मांडवात त्यांनी मला जवळ बोलावलं, खुर्ची दाखवली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "भाऊ. बसा. इथे. काही. करू नका."

तेव्हापासून बा माझ्याशी फक्त मराठीत बोलतात. मराठी त्यांना येत नाही. पण माझ्या गुजरातीपेक्षा त्यांना ते सुरक्षित वाटतं.