नको कुणाला होतं

माझ्या वहिनीबद्दल आमच्या नात्यात एक वाक्य ठरून गेलं होतं. "तिला मूल नको होतं." कुणी ते चहाचा घोट घेता घेता म्हणे, कुणी उसासा टाकून, पण वाक्य तेच. आत्या त्याला वर एक शेपूट जोडायची, "आणि आमचा दादा बिचारा गप्प." मी त्या घरात वाढले, त्या दोघांच्या संसारात तिसरी म्हणून राहिले. ते वाक्य खोटं होतं. वहिनीनं मात्र ते कधी खोडून काढलं नाही.

आई गेली तेव्हा मी पहिलीत होते आणि दादा नुकताच कॉलेजात गेला होता. अप्पा मालाचा ट्रक चालवायचे, एकदा गेले की आठवडा आठवडा त्यांचं तोंड दिसत नसे. त्यामुळे मला वाढवलं ते दादानं. कॉलेज सोडून. तो माझ्या वेण्या घालायचा, एक वर एक खाली. शाळेच्या पालकसभेला सगळ्या आयांमध्ये हा मिसरूड फुटलेला पोरगा मान खाली घालून बसायचा. मला त्या दिवसांतलं वाईट असं काहीच आठवत नाही. ज्याचं सगळं कुणीतरी करतं, त्याला करणाऱ्याचं ओझं दिसत नाही. एकदा म्हणे मला तापात आकडी आली, गाडी मिळेना, तेव्हा दादा मला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत गेला होता. मला ही फक्त ऐकीव गोष्ट. त्याच्या अंगातून मात्र ती कधी गेली नाही. मी कॉलेजला जायला लागले तरी, नुसती खोकले की हा उठून दारात उभा.

पुढे तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. आम्ही राहायचो चौथ्या मजल्यावर, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. "लोकांना वर न्यायचं आणि आपण जिने मोजायचे," असं तो हसून म्हणायचा. अंधाऱ्या शाफ्टमध्ये वाकून काम करून त्याचे डोळे दुखायला लागले, तेव्हा तो बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेला. तिथं नंबर काढायला जी मुलगी होती, तीच पुढे माझी वहिनी झाली. चष्मा मिळाल्यावर दादा दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा दुकानात जाऊ लागला. काडीचा स्क्रू ढिला झालाय म्हणून.

"दिवसभर ज्याच्या हातात पाना-पक्कड, तो चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला माझ्याकडे येतो," वहिनी मला नंतर सांगायची. "तेव्हाच कळलं, स्क्रू कुठला ढिला आहे ते."

लग्नाआधी दादानं तिला एकच गोष्ट स्पष्ट सांगितली. आमच्याच घरी, मी समोर अभ्यास करत बसले असताना.

"मला मूल नको. एवढ्यात नको असं नाही. नकोच."

"का?" तिनं विचारलं.

त्यानं माझ्याकडे बोट केलं. "एक वाढवलंय. पुन्हा तेवढं काळीज नाही माझ्याकडे."

मी हसले. मला ते लाडाचं वाटलं. वहिनी हसली नाही, "बरं" म्हणाली. खूप वर्षांनी मी तिला विचारलं की तू 'बरं' कशी म्हणालीस. ती म्हणाली, "अगं, दोन वर्षांत माणसाच्या चष्म्याचा नंबर बदलतो. मला वाटलं, मत काय, तेही बदलेल. आणि तो मला आवडला होता."

लग्नाला वर्ष व्हायच्या आत अप्पांना अर्धांगाचा झटका आला. ट्रक सुटला आणि अप्पा कायमचे घरी आले. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट, आतल्या खोलीत ही दोघं, स्वयंपाकघरात मी. सकाळी कामावर जायच्या आधी दादा आणि वहिनी मिळून अप्पांना कुशीवर वळवायचे, पुसायचे, चादर बदलायचे. मग दादा निघायचा, वहिनी अप्पांना चमच्यानं भरवायची, आणि दिवसभर दुकानात उभी राहून संध्याकाळी पुन्हा तेच. शेजारच्या काकू दुपारी येऊन बघून जात. अप्पांचं बोलणं गेलं होतं, पण नजर शाबूत होती. वहिनी त्यांना पुसायला लागली की ते भिंतीकडे तोंड करायचे.

आत्या आली की त्या खाटेशेजारीच बसून विचारायची, "मग काय, पाळणा कधी हलवताय?" तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, तेव्हा इथलं सगळं चार घरी पोचायचं. दादा खिडकीतून बाहेर बघे. वहिनी म्हणे, "बघू." पुढे पुढे आत्यानं प्रश्न सोडून दिला आणि निकालच द्यायला सुरुवात केली. "आजकालच्या मुलींना फिगर सांभाळायची असते," असं ती एकदा म्हणाली. वहिनी तेव्हा अप्पांचं भांडं धुऊन आणत होती.

त्या दिवशी मी चिडून तिला म्हटलं, "खरं सांगून का टाकत नाहीस?"

"खरं सांगितलं तर लोक त्याच्या पुरुषपणावर जातील," ती म्हणाली. "मला काय, नुसतं आगाऊ म्हणतात. आगाऊ म्हणवून घ्यायला काही लागत नाही."

तिच्या दुकानात तेव्हा तिच्याच वयाच्या तिघी होत्या, सगळ्या लग्न झालेल्या, आणि एकीलाही मूल नव्हतं. एकीचा नवरा रात्रपाळीला, ती दिवसपाळीला. दोघांची गाठ पडायची ती दारात, एकाच्या हातात कुलूप, दुसऱ्याच्या हातात किल्ली. दुसरी म्हणायची, "घरमालक दर वर्षी खोली बदलायला लावतो, मी काय मांजर आहे का, पिल्लू तोंडात धरून घरं बदलायला?" तिसरी काही कारणच सांगायची नाही. विचारलं की म्हणायची, "दमले गं मी." वहिनी ह्या सगळ्यांत मिसळून गेली होती. बाहेरून बघणाऱ्याला त्या चौघी सारख्याच दिसल्या असत्या.

पण लहान मुलांचे डोळे तपासायचे असले की दुकानातले सगळे वहिनीकडेच पाठवत. ज्यांना अजून अक्षरं येत नाहीत अशांना ती चित्रांचा तक्ता दाखवायची, मांडी घालून त्यांच्याएवढी होऊन बसायची. एकदा तीनेक वर्षांची मुलगी आली होती, चांगला जाड नंबर निघाला. पहिल्यांदा चष्मा घातल्यावर ती आईकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तुला इथं तीळ आहे."

वहिनीनं ही गोष्ट आम्हाला जेवताना सांगितली. सांगताना तिचा आवाज निराळाच झाला होता. तीन वर्षं ज्या चेहऱ्याकडे बघून ते लेकरू हसलं, तो त्याला नीट दिसतच नव्हता, ती म्हणत होती, आणि आज दिसला. दादाचा घास हातात थांबला. मग त्यानं विचारलं, "अजून भात आहे का?"

त्याच आठवड्यात तिनं त्याला विचारलं. दोन खोल्यांच्या घरात काही लपत नाही, मी ओट्याशी होते आणि आतलं मला ऐकू येत होतं.

"मी अजून एकदाच विचारते. मग कधी नाही विचारणार."

"तुला मी आधीच सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतंस. तरी विचारते."

दादा उठून बसल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बाहेर अप्पा आहेत. ते रात्री घशात काही अडकल्यासारखं करतात, मी उठून बसतो. त्यात अजून एक जीव. नाही जमणार मला. तुला पाहिजे तर तू..."

"काय? दुसरा बघू?" वहिनी म्हणाली. "वेडा आहेस का."

तेवढंच. भांडण झालं नाही. पण त्यानंतर वर्षभर ती अंघोळीला गेली की नळ फार वेळ वाहता राहायचा. दादा तेव्हा कामावर निघालेला असे. मी बाहेर उभी राहायचे, कॉलेजला उशीर होत असला तरी दार वाजवायचे नाही. मग हळूहळू नळ लवकर बंद व्हायला लागला. तिनं केस कापले, दुकानात मुलांचे डोळे तपासायला नव्यानं कामाला लागलेल्या पोरीला पुढे करू लागली. मला वाटलं, सावरली.

माझं लग्न झालं, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. अप्पा आणखी बरीच वर्षं त्या खाटेवर होते. गेले तेव्हा दादानं चाळिशी ओलांडली होती, वहिनीनंही. खाट काढली, भिंतीला जिथं अप्पांचं डोकं टेकायचं तिथं तेलकट डाग होता, तो रंग देऊनही पुन्हा वर येत होता.

त्यानंतर दादाचं काहीतरी बिनसलं. वहिनी सांगायची, पहाटे उठून बाहेरच्या खोलीत नुसता बसतो. "कुणी खोकत नाही, म्हणून झोपमोड होते त्याची." आयुष्यभर तो कुणाच्या तरी श्वासाकडे कान लावून जगला होता. आता ऐकायला काही उरलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. वहिनी मटार सोलत होती, मी तिला मदत करत होते. दादा दारात येऊन उभा राहिला, आत यायचं की नाही असा.

"मी म्हणत होतो," तो म्हणाला, "एकदा डॉक्टरांना भेटून यावं का आपण. ह्या वयातही होतात म्हणे हल्ली. उपाय आहेत."

वहिनीचे हात चालूच होते. "कशावर उपाय?"

"तुला माहितीये मी काय म्हणतोय."

"वरातीमागून घोडं आणलंस," ती म्हणाली. आवाज चढला नाही. शेंगा संपवून तिनं हात पुसले. मी उठायला लागले तर तिनं मला मनगट धरून खाली बसवलं. "बस. तू तेव्हाही इथंच होतीस."

दादा म्हणाला, "मला भीती वाटायची गं. हिला आकडी आली होती, ते..."

"मला माहितीये. म्हणून तर भांडले नाही. भांडायला हवं होतं, ते माझं चुकलं." माझं मनगट अजून तिच्या हातात होतं. "जे झालंच नाही, त्याच्यासाठी मी रडून घेतलंय. वर्षभर रडले. तू जिने उतरून गेलास की रडायचे. ते सगळं आवरून मी ही अशी झाले, आता तू म्हणतोस चल. नाही येणार मी. माझ्यात तेवढी माया उरली नाही, आणि उसनी आणून ती पोराला द्यायची नसते."

दादा तिथंच चौकटीला टेकून उभा राहिला. सालं गोळा करून वहिनी उठली तेव्हा तिला वाट द्यायला तो बाजूला झाला.

त्यानंतर त्यानं एक गोष्ट केली, त्याला वाटलं त्यानं भरपाई होईल. आत्या आजारी होती, आम्ही तिघं तिला बघायला गेलो. चार नातेवाईक बसले होते. आत्यानं नेहमीचं वाक्य काढलं, आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "आत्या, नको मला होतं. हिला नव्हे. हिनं मागितलं होतं, मी नाही म्हटलं."

आत्यानं उशीवरून मान वळवून वहिनीकडे बघितलं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाही ही? आम्ही समजावलं असतं की त्याला. बाईला एवढंही जमू नये?"

म्हणजे दोष फिरून पुन्हा तिच्याच पदरात. परतताना बसमध्ये वहिनी खिडकीशी बसली होती. दादा तिला म्हणाला, "मी चूक केली का सांगून?"

"कुणासाठी सांगितलंस?" तिनं विचारलं. "मी तुझं झाकून ठेवलं होतं, तेवढं तरी माझ्या हातचं होतं. तेही वाटून टाकलंस."

मी आणि माझा नवरा अजून ठरवतोच आहोत. कारणं आहेत, कारणांना तोटा नसतो. वहिनीनं मला मूल होऊ दे असं कधी म्हटलं नाही आणि नको होऊ दे असंही नाही. एकदाच, कपडे वाळत घालताना, तिनं सहज विचारलं, "तुमचं काय?"

"बघू," मी म्हटलं.

"बघू म्हणू नकोस," ती म्हणाली. "हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मोठ्यानं म्हण, एकमेकांना ऐकू जाईल असं. 'बघू' म्हणता म्हणता वय निघून जातं."

मी अजून मोठ्यानं काही म्हटलेलं नाही.

ती दोघं तिथंच राहतात. बाहेरच्या खोलीत आता दोन खुर्च्या आणि टीव्ही. एकमेकांशी नीट वागतात, तिला बरं नसलं तर दादा रजा काढतो, त्याला उशीर झाला तर ती जेवायची थांबते. एकमेकांच्या वाटेत मात्र येत नाहीत, पाहुण्यांसारखे बाजूला सरकतात. मागच्या वेळी मी निघाले तेव्हा दादा खालपर्यंत सोडायला आला. गुडघे दुखतात त्याचे हल्ली, प्रत्येक मजल्यावर थांबत होता. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून त्यानं विचारलं,

"तुला काय वाटतं, ती बरी आहे ना?"

"तिलाच विचार की."

"विचारतो," तो म्हणाला. "ती बरी आहे म्हणते."