अल्काताईची काळी टेकडी

आमची अल्काताई नेमकं काय काम करते, हे गावात कोणाला धड सांगता येत नाही. "हवेचं काहीतरी पाहते," म्हणतात. मी तिची धाकटी बहीण रीना, सौंदडला शाळेत शिकवते, म्हणून सगळे मलाच छळतात. मी सांगते, देशोदेशीची सरकारं टेबलाभोवती बसून भांडतात, धूर कोणी कमी करायचा, जंगल कोणी राखायचं. त्या भांडणात मधे बसून सगळ्यांना एका मसुद्यावर आणणारी बाई म्हणजे आमची ताई. तर बकऱ्या चारणारा छोटेलाल म्हणतो, "म्हणजे जगाची सरपंचच झाली ना जी!" आता यापेक्षा सोपं मलाही सांगता येत नाही.

ताई गावच्या विहारातल्या अभ्यासिकेत बसून शिकली, मग नागपूर, मग दिल्ली, आता जिनिव्हा. तिचा खास विषय जंगलातले वणवे. आणि गंमत बघा, ती शिकली मोहफुलांच्या पैशावर. आमची आई, कलाबाई, मोह वेचून विकायची. आमच्याकडची रीतच अशी, की आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाचोळा जाळून टाकायचा. मग पहाटे गळालेली फुलं काळ्या भुईवर स्वच्छ दिसतात, भराभर वेचता येतात. काडेपेटी नेहमी ताईच्या हातात. मला कधी मिळाली नाही, मी रडून गोंधळ घालायचे.

तीच ताई पुढे जगाला सांगत फिरली, पाचोळा जाळू नका, झाडून घ्या, जाळी अंथरा. गावानं कुरकुर केली, पण ऐकलं. गावच्या वनसमितीनं मोहाच्या झाडांच्या टेकडीवर नवी रोपं लावली, आणि तिथं पुन्हा वणवा लागला नाही. परिषदेत ताई आमच्या टेकडीचे फोटो दाखवायची. एकदा तर तिनं व्हिडिओ कॉलवर आईला आपल्या साहेबांपुढे उभं केलं आणि म्हणाली, "माय मदर." आईला इंग्रजीतला तेवढाच एक शब्द कळला. पुढे कितीतरी दिवस ती दारोदार सांगत होती, "म्या अल्काची मदर हाव."

यंदा मोह गळायच्या दिवसांत ताई परदेशी पाहुण्यांना घेऊन टेकडी दाखवायला येणार होती. त्यांना पसंत पडली असती, तर आजूबाजूच्या गावांनाही रोपं मिळणार होती. सगळं गाव झाडून सारवून तयार. आईला मात्र एकच ध्यास, लेकीला नवा मोह उकडून, वर तीळ घालून खाऊ घालायचा.

आदल्या संध्याकाळी टेकडी पेटली. सगळं गाव हिरव्या फांद्या घेऊन आग बडवत होतं, पण वारा कोणाच्या बापाचं ऐकतो? रोपं गेली. घरी आले तर आईच्या पदराचं टोक जळलेलं.

"गुडघे वाकत नाय वो माय," ती म्हणाली. "झाडणं होत नव्हतं. इतकुशी काडी लावली. कोणाले सांगू नोको. अल्काची इज्जत जाईल."

सकाळी गाडी आली. ताई उतरली, टेकडीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. गर्दीतून कोणीतरी बोललं, "छोटेलालची बिडी असंल, तोच तिकडे बकऱ्या चारते." झालं! ताई त्याच्यावर तुटून पडली. "लाज नाही वाटत? एवढ्या वर्षांचं काम एका बिडीसाठी जाळलंस?"

छोटेलालनं एकदा आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यानं सगळं पाहिलं होतं. तरी मेला बोलला नाही.

आईला ते सहन झालं नाही. पुढे आली, जळका पदर तसाच खांद्यावर. "त्याले काऊन बोलतेस, अल्का? म्या लावली. तुह्यासाठी मोह वेचाचा होता."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आईची लाज वाटली, आणि आईची लाज वाटते म्हणून स्वतःची त्याहून जास्त वाटली. पाहुण्यांपैकी एका बाईनं ताईला विचारलं, या काय म्हणताहेत?

ताईनं घसा खाकरला. आईकडे न बघता ती इंग्रजीत म्हणाली, "गावातली एक म्हातारी बाई आहे. म्हणते, तिच्या हातून चूक झाली."

मला इंग्रजी कळतं. मी ओरडू शकले असते. गावासमोर, पाहुण्यांसमोर, माझी जीभ उचलली नाही. आई तेवढा वेळ ताईच्या ओठांकडे टक लावून उभी होती.

पाहुणे टेकडीकडे गेले. ताई त्यांच्या पुढे, झपझप चालत. मी आईचा हात धरून तिला घराकडे वळवलं. चुलीवर पहाटेच वेचून आणलेला मोह उकडून झाकून ठेवलेला होता.

"बरं झालं," आई म्हणाली. "तिची इज्जत राह्यली."

मी मोहावरचं झाकण उचललं.

"रीना, मदर नाय म्हणली ना ती?"

"म्हणाली ना. तुला ऐकू नाही आलं."

"खोटं नोको बोलू," आई म्हणाली. "तेवढाच तं शब्द येते मले."