'गाठ नंबर सतरा'चा खुनी

पुस्तकाच्या आवृत्त्या मोजतात, किस्से कोणी मोजत नाही. पुलगावच्या नानांनी लिहिलेल्या आणि स्वतःच्याच प्रेसमध्ये छापलेल्या 'गाठ नंबर सतरा' या रहस्यकादंबरीचे किस्से आवृत्त्यांपेक्षा जास्त झालेत. मी तिचा पहिल्यापासूनचा प्रूफरीडर. मला सगळं बरोबर आठवतंय का, ही शंका आहेच. पण कंपोझिटर गुलाबराव साक्षीला आहेत!

*

नाना एकेक प्रकरण लिहून गुलाबरावांकडे देत. शेवटच्या प्रकरणाआधी गुलाबरावांनी हाताची घडी घातली.

"नाना, खुनी कोन ते सांगा. मंगच छपाईचे खिळे जुळवतो!"

"जुळव, मंग समजतेच तुले!"

*

दुकानात उभ्याउभ्या कोणी शेवट वाचू नये, म्हणून नाना शेवटच्या सोळा पानांच्या घड्या कापतच नसत. वाचकानं घरी सुरीनं कापायच्या. वडनेरचे पुंडलिकराव प्रेसमध्ये आले, तेव्हा त्यांच्या प्रतीतली ती पानं तशीच बंद!

"शेवट नाही वाचला?" मी विचारलं.

"काऊन वाचू? खुनी वकील हाये. मले दुसऱ्याच प्रकरणात समजलं!"

वकील नाही, हे मी सांगणारच होतो. नानांनी माझा पाय दाबला. पुंडलिकराव गेल्यावर नाना म्हणाले, "सर, शब्द द्या. खुनी फुटला नाई पाह्यजे!"

मी शब्द दिला.

*

रोहण्याचे एक शेतकरी खास तक्रार करायला बसनं आले. "तुमचा खुनी कापसाची पावणेदोन क्विंटलची गाठ एकटाच खांद्यावर टाकून पळते! उचलून पाह्यली कधी?"

मी पीएचडी. ते वाक्य तीनदा तपासून त्यात एक स्वल्पविराम घातला होता!

दुसऱ्या आवृत्तीत खुनी हातगाडी घेऊन आला.

*

नाना गेले. यंदा त्यांच्या मुलीनं, शोभाताईंनी, नवी आवृत्ती काढली. प्रस्तावना माझी, चांगली अभ्यासपूर्ण. सगळं छापून झाल्यावर त्यांचा फोन आला.

"सर, नानांनी खुनी शेवटपर्यंत लपवला. तुमी प्रस्तावनेतच पकडून देला!"

नानांना दिलेला शब्द, आणि सगळ्या प्रती छापलेल्या! मी धावत प्रेस गाठला. गुलाबराव मात्र निवांत.

"घाबरून काऊन राह्यले? नाना शेवट बंद ठेवत होते, आपन तुमची प्रस्तावनाबी न कापता बांधू. तसंबी कोनी वाचत नाई!"

तसंच बांधलं.

*

पंधरा दिवसांनी पुंडलिकराव काठी टेकत प्रेसमध्ये आले. हातात नवी प्रत. शेवटची पानं नेहमीसारखी बंद, प्रस्तावना मात्र सुरीनं नीट कापलेली! मी सुखावलो.

"वाचलीत?"

"वाचली. चांगली लिहिली. पर तुमीबी फसले, सर. खुनी वकीलच हाये!"

मी घरी आलो, सुरी शोधली आणि शेवटची सोळा पानं कापायला बसलो.