समोरचं स्टेशन

उकिरडा कुणी एका दिवसात रचत नाही. रोज एक पाटी पडते, आणि वर्षानं बघावं तर कमरेएवढा ढीग! आमच्या बाकावरच्या गोष्टींचं तसंच झालं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला लिहायची हौस नाही. पण नामा म्हणला, "लिहून टाक एकदाचं. रोज तेच सांगून माझं डोकं खातुयास."

नामा माझा लहानपणापासूनचा दोस्त. ट्रॅक्टर चालवायचा, आता गुडघे गेले. आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ रस्त्याकडेच्या बाकावर बसतो. समोर मेट्रोचं स्टेशन झालंय. जिना, लिफ्ट, काचा, सगळं झकास! फक्त ते रस्त्याच्या पलीकडं आहे. आमच्या बाजूच्या जिन्याला पत्रे मारून 'काम चालू' अशी पाटी लावलीय. काम करताना माणूस अजून दिसला नाही. मधल्या रस्त्यावरून घोटावड्याच्या कारखान्यांचे ट्रक, कंपन्यांच्या बसा आणि महाळुंग्याकडच्या मोटारी सुसाट पळतात. झेब्रा नाही, सिग्नल नाही. दुभाजकात एक फट तेवढी आहे, तीही गावानं भांडून ठेवलेली.

* * *

स्टेशन सुरू झालं त्या दिवशी मी बघायला गेलो. त्या जिन्याखाली माझी भुईमुगाची पट्टी होती. तिथं मी डोळे मिटून जात होतो. आता डोळे फाडून अर्धा तास उभा राहिलो तेव्हा कुठं पलीकडं पोचलो. लिफ्टनं वर जाऊन आलो, गार हवा खाल्ली. परत यायला निघालो तर गाड्या थांबेनात! शेवटी बस धरली, लांबच्या चौकातून वळसा घातला आणि जेवायच्या वेळेला घरी आलो.

म्हातारी म्हणली, "एवढा उशीर? लई लांब गेलतासा का मेट्रोनं?"

म्हणलं, "मेट्रोत बसलोच न्हाई. रस्त्याच्या पल्याड गेलतो."

* * *

आमच्याकडं राजश्री नावाची भाडेकरू आहे. परभणीकडची. लहानपणी ताप आला आणि उजवा पाय बारीक राहिला, काठी घेऊन चालते. शहरात ऑफिसात नोकरी लागली, अजून पक्की व्हायचीय. खोली बघायला आली तेव्हा पहिलाच प्रश्न, "बाबा, स्टेशन जवळ आहे ना? मला फार चालवत नाही."

मी हात दाखवला. "हे काय समोर!"

खोटं नव्हतं बोललो. पण पहिल्याच आठवड्यात तिला दोनदा उशीर झाला आणि साहेबानं सांगितलं, अजून एकदा झाला तर नोकरी पक्की करणार नाही. घरी आई आणि शिकणारा भाऊ हिच्याच जिवावर. तेव्हापासून स्टेशनाला 'समोर' म्हणायचं मी सोडलं.

तिनं दुसऱ्या दिवशी रिक्षा थांबवली. रिक्षावाला बिचारा यूपीचा. "कहाँ जाना है, दीदी?"

तिनं काठीनं समोर दाखवलं. "वो स्टेशन."

त्यानं स्टेशन बघितलं, तिला बघितलं, मग आम्हाला बघितलं. "बाबा, ये मज़ाक कर रही हैं क्या?"

नामा म्हणला, "मजाक न्हाई. यू-टर्न मारके लेके जाव. लई दूर है!"

* * *

मग आमच्या ध्यानात आलं की एक जण रोज सुखरूप पलीकडं जातो. शिवा गवळी! त्याच्या अकरा म्हशी रोज साडेआठला फटीतून रस्ता ओलांडून पलीकडच्या पडीक रानात चरायला जातात. माणूस आडवा आला तर ट्रकवाला हॉर्न मारतो. म्हैस आडवी आली की ब्रेक मारतो.

मी राजश्रीला म्हणलं, "पोरी, म्हशीत घुस."

"मारणार नाहीत ना, बाबा?"

शिवा म्हणला, "माझ्या म्हशी हायेत त्या. मोटारवाल्या न्हाईत."

तिची चाल आणि म्हशीची चाल बरोबर जुळली! आठवड्याभरात तिच्या मागं बाकीचे आले. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉप, डावीकडं म्हैस, उजवीकडं म्हैस. एका इंजिनियरानं मोबाइलवर ग्रुप काढला आणि शिवाला अॅडमिन केलं.

एकदा शिवाला उशीर झाला. तर त्याच्या फोनवर फोन! "काका, म्हशी निघाल्या का?"

शिवा वैतागला. "एक गाभण हाय, तिची वाट बघतुया. तुमच्या मेट्रोवानी दार लावून निघता येत न्हाई मला!"

* * *

पण ते सुख फार टिकलं नाही. पलीकडच्या रानाला बिल्डरानं कुंपण घातलं. म्हशींना चारा राहिला नाही, आणि शिवानं जनावरं माले गावाला मेव्हण्याकडं नेली. राजश्री परत आमच्या शेजारी उभी राहायला लागली.

म्हणून आम्ही अर्ज केला. लिहिला तिनंच, अंगठे आणि सह्या आमच्या. झेब्रा पाहिजे, सिग्नल पाहिजे, जिन्याचे पत्रे काढा. एका पुढाऱ्यानं अर्ज कपाळाला लावला. "आजोबा, काम झालं समजा!"

चौथ्या दिवशी खरंच झालं. भलामोठा फ्लेक्स लागला! 'नागरिकांच्या सुरक्षित मार्गाची मागणी मान्य, भाऊंचे हार्दिक आभार.' भाऊ हात जोडून उभे. आणि लावला कुठं? दुभाजकाच्या फटीत! होती नव्हती ती वाटही गेली.

राजश्री म्हणाली, "बाबा, आता काय करायचं?"

मी घरातून विळा आणला. आता तो फ्लेक्स आमच्या कडब्यावर आहे. भाऊंनी पावसात कडबा तरी सुका ठेवला, खोटं कशाला बोलू!

* * *

मग त्या अर्जावरून दोन पोरं आली, किती माणसं रस्ता ओलांडतात ते मोजायला. भर दुपारी एक वाजता! दोन तास आमच्याच बाकावर बसली, आमचाच चहा प्याली. वहीत पाच रेघा.

मी म्हणलं, "सकाळी या की. तवा बघा गर्दी."

एक जण म्हणाला, "आजोबा, सकाळी पण लोक नुसते उभे असतात. ओलांडतील त्यांनाच मोजायचं आहे."

"अरं, वलांडता येत न्हाई म्हणूनच उभी हायेत ना ती!"

"त्याला कॉलम नाही," तो म्हणाला.

नामानं दोघांच्या पुढचे चहाचे कप उचलून घेतले.

* * *

शेवटी आमचा अर्ज ज्यांच्याकडं गेला होता ते साहेब आले. आम्ही हट्टच धरला होता की सकाळी या. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. ड्रायव्हरनं त्यांना आमच्या बाजूला उतरवलं. इथं गाडी लावायला जागा नाही म्हणून तो वळसा घालून पलीकडं स्टेशनखाली जाऊन थांबला.

साहेब बाकावर टेकले, फाईल उघडली. बोलणं गोड. "बाबा, तुमची तळमळ कळते. पण आकडे बघा, पाच माणसं. कागदावर इथे गरजच दिसत नाही."

राजश्री शेजारीच उभी होती. आदल्या दिवशीच पाऊण तास उभी राहून कशीबशी गाडी गाठली होती. आता तिच्या मेट्रोला आठ मिनिटं उरली होती, आणि ती गाडी गेली की नोकरी गेली. तिनं काठी सरसावली. नजर रस्त्यावर.

साहेब उठले. "बरं, येतो." एक पाय रस्त्यात टाकला, मागं घेतला. परत टाकला. बस अंगावरून गेल्यागत गेली, परत मागं. पलीकडून ड्रायव्हर हात हलवतोय, "या, साहेब!" साहेबांचा चेहरा पांढरा पडलेला.

राजश्री पुढं झाली. "सर, माझ्या डाव्या हाताला या. पळायचं नाही. पळालं की ते थांबत नाहीत."

तिनं काठी आडवी धरली आणि उतरली. साहेबांनी दोन्ही हातांनी तिची बाही पकडली होती. फटीपर्यंत गेले, थांबले, पुढच्या निम्म्यात उतरले. एका ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून मुंडकं काढून ओरडला, "शाबास, साहेब! अपंग बाईला हात देताय, देव तुमचं भलं करील!"

साहेब म्हणाले, "हो, हो!"

ती पलीकडं पोचली आणि तडक लिफ्टमध्ये शिरली. गाडी आली, दारं लागली, गाडी हलली. आमची राजश्री गाडीत!

साहेब खाली घाम पुसत होते. एकदम त्यांनी काखेत बघितलं. मग हाताचा भोंगा करून ओरडले, "आजोबा! माझी फाईल राहिली का तिकडे?"

फाईल बाकावर, नामाच्या मांडीशेजारी होती.

मी ओरडलो, "व्हय, हितंच हाय! या की, घेऊन जा!"

साहेबांनी उजवीकडं बघितलं. डावीकडं बघितलं. मग मान वर करून राजश्रीची गाडी गेली त्या बाजूला बघत राहिले.