अव्वाचा फोन

माझा धाकटा भाऊ कच्चा कैदी म्हणून कोल्हापूरला जेलमध्ये गेला, तेव्हा आमची आई कर्नाटकाच्या सीमेपलीकडचं गाव सोडून कबनूरला माझ्याकडे राहायला आली. आईला आम्ही अव्वा म्हणतो. भाऊ इथल्याच एका यंत्रमाग कारखान्यात कामाला होता. तिथं मारामारी झाली, एकाचा हात मोडला, आणि फिर्यादीत भावाचं नाव आलं. त्याचा दोष किती, हे कोर्ट ठरवणार होतं. त्यावरून मी कुणाशीच कधी वाद घातला नाही. माझं भांडण झालं ते फोनवरून.

जेलमधून घरी फोन करायची सोय होती. आठवड्यातून एकदा, आधी नोंदवून दिलेल्या नंबरावर. भाऊ बोलायचा तेव्हा शेजारी एक हवालदार ऐकत उभा असायचा. पहिला फोन आला तेव्हा अव्वानं मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि ओरडूनच विचारलं, "तम्मा, ऊटा आत?" जेवलास का, एवढंच. भाऊ कन्नडमध्ये काहीतरी बोलू लागला, तोच पलीकडून हवालदाराचा आवाज आला, "ए, मराठीत बोल. काय बोलतोस ते कळाय नको आमाला?" आणि फोन बंद.

अव्वाला मराठी येत नव्हतं. मी आत्याकडे राहून मराठी शाळेत शिकले. भाऊ गावातच कन्नड शाळेत गेला. अव्वा तर शाळेतच गेली नाही. मग मी तिला पुढच्या फोनसाठी वाक्यं शिकवायला बसले. जेवलास का. तब्येत कशी आहे. काळजी करू नकोस. दोनदा म्हणून पाहिली आणि तिनं मान हलवली. कन्नडमध्ये म्हणाली, "माझ्या पोराशी मी पाहुण्या बाईसारखी बोलणार नाही."

पुढच्या फोनला ती कन्नडच बोलली. फोन बंद झाला. त्याच्या पुढच्याही वेळी तेच. प्रत्येक वेळी ती बंद फोनवर वाक्य पुरं करायची आणि मगच मोबाईल माझ्या हातात द्यायची.

भेटीला गेले तेव्हा जाळीपलीकडून भाऊ म्हणाला, "अक्का, पत्रं मिळाली न्हाईत व्हय?" त्यानं अव्वाला कन्नडमध्ये पत्रं लिहिली होती. वाचून तपासणारं कुणी नाही, म्हणून ती आतच अडवून ठेवली होती. माझं डोकंच फिरलं.

पुढच्या भेटीला अव्वाला घेऊन गेले. गेटवर एक महिला शिपाई झडती घेत होती. कमरेचं सगळं चाचपून झाल्यावर अव्वा कन्नडमध्ये पुटपुटली, "आता पोटातलीही भाकरी मोजून घे म्हणावं." शिपाई बाई खुदकन हसली आणि लगेच तिनं तोंड गंभीर केलं. ते हसणं मी लक्षात ठेवलं.

भेट झाल्यावर मी घरी जायचं सोडून जेलच्या साहेबांना भेटायचं म्हणून हट्ट धरला. बऱ्याच वेळानं आम्हा दोघींना आत घेतलं. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, सुरक्षेचा प्रश्न आहे. काय बोलणं चाललंय ते आम्हाला समजायला हवं."

"समजू दे की साहेब. चोरून कोण बोलतंय? समजणारा माणूस उभा करा."

"तसा माणूस नाही आमच्याकडे."

"तुमच्याकडं माणूस न्हाय म्हणून माझ्या आईनं मुकं व्हायचं?"

"थोडं मराठी शिकवा त्यांना."

"ह्या वयात? आणि पोरगं आत हाय म्हणून? कन्नड बोलायला बंदी हाय असं लिहून द्या मला. तो कागद घेऊन मी कोर्टात जातो."

साहेबांचा आवाज चढला. "कुणापुढे बोलताय, कळतंय का?"

"कळतंय की. म्हणूनच तुमच्याकडं आलोय, हवालदाराकडं न्हाय." मी गेटच्या दिशेनं बोट केलं. "आणि माणूस हाय तुमच्याकडं. गेटवरच्या बाईंना कन्नड कळतंय."

बाईला बोलावलं. ती सावधान उभी राहिली. एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा अव्वाकडे. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. तिची नोकरी, तिचा साहेब. मी कोण तिची? ती म्हणाली, "येतंय सर. माहेर माझं तिकडचंच. मला कुणी इचारलंच न्हाय."

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. तिच्या ड्यूटीच्या दिवशी भावाचा फोन लावायचा, असं ठरलं. "झालं समाधान?" ते म्हणाले.

"पत्रं ऱ्हायली की," मी म्हणाले.

पत्रं पुढच्या आठवड्यात आली, तपासल्याचे शिक्के मारलेली. ती वाचायलाही कुणी नव्हतं; मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. शेजारच्या गल्लीतल्या मूळ बेळगावकडच्या मास्तरांनी वाचून दाखवली. बहुतेक पत्रांत जेलच्या आमटीबद्दल तक्रार होती.

मग तो फोन आला. मला वाटलं होतं, अव्वा रडेल. तिनं भावाला असं झापलं, असं झापलं, की वेळ संपेपर्यंत त्याला "हूं" पलीकडे बोलता आलं नाही. मारामारीत पडलास कशाला, बापाचं नाव घालवलंस, आमटी आवडत नसेल तर उपाशी मर. त्याच्या शेजारी उभी असलेली शिपाई बाई मधेच कन्नडमध्ये म्हणाली, "आई, जरा हळू. इथपर्यंत घुमतंय."

अव्वा थांबली नाही. उलट आवाज आणखी चढवून तिला म्हणाली, "घुमू दे. तूही ऐक."